तिसऱ्या रांगेतला हात

सिस्टर, जून महिन्यातला दुसरा शनिवार, दुपारी दोन वाजून वीस मिनिटं. आधी वेळ लिहिते, तक्रार मागाहून. विमा कंपनीत दावे तपासायच्या टेबलावर माझी सगळी नोकरी गेली आणि समोर बसून रडणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगत आले की आधी तारीख आणि वेळ सांगा, रडू नंतर. आता माझी पाळी. साल दोन हजार सोळा, गाव ऑकलंड, इथं जूनमध्ये थंडी असते, एका शाळेचा हॉल, बाहेर आडवा पाऊस आणि आत हीटर इतके तापवलेले की लोकांच्या ओल्या कोटांतून वाफ निघत होती. मी तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. त्या वेळी माझ्या उजव्या हातानं जे केलं, त्यापायी माझी नात आणि तिच्या दोन मैत्रिणी शाळांच्या संगीत स्पर्धेतून बाद झाल्या. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आहेत की तुमच्या नावानं पत्र लिहिणं हा शुद्ध वेडेपणा आहे, हे मला कळतं. पण या हाताबद्दलची पहिली तक्रार तुमचीच होती. तेव्हा फाइल तुमच्याकडंच यायला हवी.

आठवतं? मी सातवीत आहे. हॉलमध्ये परीक्षेची बाकं मांडलेली, म्हणून तुम्ही आम्हा सात जणींना घेऊन कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर लोकांच्या स्वयंपाकघरात आला आहात. मोठ्या पातेल्यात डाळ शिजते आहे, पावाची भट्टी नुकतीच विझली आहे, आणि ओट्यापाशी दाटीवाटीनं उभ्या राहून आम्ही एक गाणं बसवतो आहोत. आमच्या घरी दर गुरुवारी आईच्या भजनी मंडळाच्या बायका जमायच्या. त्यांच्या मांडीला मांडी लावून बसता बसता माझा हातही मांडीवर पडायला लागला होता. टाळी, टाळी, खाली, टाळी. कुणी शिकवलं नव्हतं, जेवताना उजवा हात पुढं येतो तसंच ते. तुम्ही गाणं थांबवलंत. वर्गात इंग्रजीशिवाय बोलायचं नाही असा दंडक तुमचाच, पण वसईच्या शेतकऱ्याची मुलगी तुम्ही, रागावलात की मराठीच तोंडात यायचं. ‘हा हात गातोय, की मसाला कुटतोय?’ मी म्हटलं, ‘सिस्टर, तो आपोआप होतो.’ ‘मग त्याच्यावर बस.’ आणि खरंच मला भाजी चिरायच्या स्टुलावर बसवलंत, दोन्ही तळवे खाली घालून. बाकीच्या उभ्या, मी बसलेली, सगळ्या हसताहेत. ‘ताल पोटात ठेव, पोरी. मांडीवर ठेवलास तर लोक गाणं सोडून मांडी बघतात.’ तेव्हा मला तो तुमचा खडूसपणा वाटला. शनिवारी दोन वाजून वीस मिनिटांनी तेच झालं. लोकांनी गाणं सोडलं आणि मांडी बघितली.

आता इथलं सांगते. नवरा गेल्यावर लेकीनं मला इकडं आणलं. फ्लॅट बुश नावाची वस्ती आहे. नावात बुश असलं तरी झुडूप औषधालाही नाही, सगळी नवी मोठाली घरं, सगळ्यांची गॅरेजं सारखी, आणि सकाळी साडेसातनंतर माणूस दिसेल तर शपथ. लेक आणि जावई मोटरवेवर अडकायला वेळेत निघून जातात. नात सोळा वर्षांची आहे, इथंच जन्मली. माझं मराठी तिला सगळं कळतं. ती उत्तर इंग्रजीत देते. मी ‘जेवलीस का गं?’ विचारते, ती ‘येप’ म्हणते. मी ‘डब्यात काय हवं?’ विचारते, ती ‘एनीथिंग, आजी’ म्हणते. एका घरात राहून आम्ही दोघी दोन काठांवरून बोलतो आणि मधून जे वाहून जातं ते कुणाच्याच हाती लागत नाही. लहानपणी ही पोर माझ्या पदराला धरून चालायची. गेल्या काही वर्षांत मी तिच्यासाठी घरातला फ्रीज झाले आहे, गुरगुरणारा, उपयोगी, आणि कुणी वळून न बघण्यासारखा.

तर एकदा मी मेथी निवडत बसले होते आणि तोंडानं काहीतरी चाललं होतं, आईच्या मंडळातलं, शब्द अर्धे विसरलेले. नात व्हायोलिनची पेटी घेऊन चालली होती ती थांबली. ‘आजी, व्हाय इज इट सेव्हन?’ मी म्हटलं, ‘काय सात?’ म्हणाली, मोजलं तर सात येतात, आठ का नाहीत? मी म्हटलं, रूपक आहे तो, त्यात सातच असतात, आठवी मात्रा कुठून आणू? मग तिला दाखवलं. तीन, दोन, दोन. आणि गंमत अशी की पहिल्याच मात्रेला, जिथं सम असते, जिथं सगळ्यांनी येऊन भेटायचं, तिथं रूपकात टाळी नसते. तिथं खाली असते. हात आपटायचा नाही, उताणा करून अलगद बाजूला सोडायचा. तिला ते फार आवडलं. तिनं फोनवर माझा आवाज घेतला, मेथीच्या जुडीसकट. पुढं महिनाभर वरच्या खोलीतून तुकडे ऐकू यायचे आणि एक दिवस लेक म्हणाली, ‘आई, तिनं स्वतः काहीतरी रचलंय, तीन वाद्यांसाठी. शाळेकडून स्पर्धेला पाठवताहेत.’ मला नातीनं काही सांगितलं नाही. पण जिन्यावरून ऐकताना मला माझीच मेथीची भाजी ओळखू आली.

आता नियम. तुम्हाला माहीत आहे, नियमांचा कागद दिसला की माझे डोळे चमकतात. लेकीनं ते छापून आणले आणि मी चष्मा लावून संध्याकाळ त्यातच घालवली. गटात कमीत कमी तीन जण, जास्तीत जास्त आठ. प्रत्येक जण माध्यमिक शाळेच्या पटावर हवा. प्रत्येकाची ओळ वेगळी, दोघांनी एकच ओळ वाजवायची नाही. संचालक, म्हणजे समोर उभा राहून हातवारे करणारा, चालणार नाही. आणि वादन चालू असताना गटाबाहेरच्या कुणाही व्यक्तीकडून कसलीही मदत घ्यायची नाही. सरळ, स्वच्छ भाषा. मी असते तर स्वल्पविरामही बदलला नसता. अडचण एकच होती, तबला. मुलींनी आपल्या महाराष्ट्र मंडळातला एक तबलजी धरला होता, गोड मुलगा, हात चांगला. पण तो आदल्या वर्षीच शाळा संपवून युनिव्हर्सिटीत गेलेला. जावई म्हणाले, ‘आई, दाढी केली की तो दहावीतला दिसतो. कोण बघतंय?’ मी म्हटलं, ‘मी बघते आहे.’ नातीचा चेहरा पडला. लेक म्हणाली, ‘आई, शाळकरी मुलांची स्पर्धा आहे, कोर्ट नाही.’ मी कागदावर बोट ठेवलं. पटावर हवा म्हणजे पटावर हवा. ज्या माणसानं हप्ता चुकवला त्याला मी कधी ‘जाऊ दे’ म्हटलं नाही, मग घरच्यांना कशी म्हणू? तबलजी गेला. तेवढ्यासाठी मला कुणी शाबासकी दिली नाही, आणि अजूनही मी त्याबाबतीत चुकले असं मला वाटत नाही.

तबल्याची जागा चेलोनं घेतली. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला काका, जमिनीवर टेकवून वाजवतात. ती वाजवणारी मुलगी सामोअन, म्हणजे इथल्या जवळच्या बेटांवरून आलेल्या घरातली, दांडगी, हसरी, मला ‘नाना’ म्हणते. इथं आजीला नाना म्हणतात. आमच्याकडं नाना म्हणजे माझे चुलत सासरे होते, मिशा असलेले, त्यामुळं पहिल्यांदा मी मागं वळून पाहिलं होतं. तिनं बोटांनी तारा छेडून ठेका धरायचा, तिसरीनं बासरी, आणि वर नातीचं व्हायोलिन. आमच्या बैठकीच्या खोलीत सोफे भिंतीला लावून तालीम चालायची. मी आत पोळ्या लाटायचे, लाटणं त्यांच्या समेवर पडायचं. चेलोवाली चांगलीच होती, पण आठाची सवय हाडात मुरलेली. चर्चमध्ये लहानपणापासून चाराच्या पटीत टाळ्या वाजवलेल्या, त्यामुळं लक्ष जरा हललं की सात संपल्यावर एक आठवं पाऊल टाकून मोकळी व्हायची. आणि तबला असता तर त्यानं तिला ओढून आणलं असतं. तबला नव्हता. तो मी काढला होता.

शनिवारी त्यांचा गट जेवणानंतर तिसरा. तिघींनी काळे कपडे घातलेले, नातीनं कपाळावर माझ्या डबीतली बारीकशी टिकली लावलेली, न सांगता. सुरुवात अशी झाली की हॉलमधला खोकला थांबला. तुम्हाला कशी सांगू, सिस्टर, ती चाल माझ्या आईच्या मंडळातल्या बायकांची, सुपारी कातरता कातरता म्हटलेली, आणि ती इथं, या लांबच्या बेटावर, ओल्या कोटांच्या वासात, तीन पोरी पुन्हा बांधताहेत. मी मांडीवर हात ठेवून ऐकत होते. हो, हात चालत होता. गाणं चालू असताना हात न चालणाऱ्या माणसाला आमच्याकडं आजारी समजतात. मग मधल्या भागात, जिथं लय चढते, चेलोनं आठवी मात्रा घातली. बासरी तिच्या मागं गेली. व्हायोलिन जागच्या जागी राहिलं, एकटं. एक आवर्तन गेलं, सांधा लागेना. दुसरं गेलं. आणि मग समेवर, जिथं खाली असते तिथं, माझा हात मांडीवरून उठला आणि उताणा होऊन बाजूला गेला. मोठा. पुढच्या समेला पुन्हा. मग टाळी, टाळी, आणि पुन्हा खाली. व्हायोलिननं मान झुकवून चेलोला आत घेतलं, बासरी आली, तिघी एका मात्रेवर उतरल्या, आणि तिथून शेवटापर्यंत जे वाजलं त्याला लोक उभे राहिले. माझ्या नातीचे डोळे मिटलेले होते. ती डोळे मिटूनच वाजवते. हे मी नंतर सगळ्यांना सांगितलं.

टाळ्या विरल्या आणि गळ्यात संयोजकांच्या ओळखपत्राचा पट्टा अडकवलेल्या एक बाई माझ्या खुर्चीशी येऊन उकिडव्या बसल्या. इथली माणसं वाईट बातमी देताना तुमच्या उंचीवर येतात. ‘किया ओरा,’ म्हणाल्या, हा इथला नमस्कार, आणि मग फार सुंदर, फार हृदयस्पर्शी वगैरे. इथं कुणी एकदम ‘नाही’ म्हणत नाही, आधी ‘लव्हली’ म्हणतात. मग त्यांनी विचारलं, ‘तुम्ही मुलींना खुणा करत होता का?’

‘मी ऐकत होते.’

‘हातानं?’

‘आम्ही हातानंच ऐकतो.’

‘हाऊ लव्हली,’ त्या म्हणाल्या, आणि ते लिहून घेतलं.

लेकीनं मागून माझी शाल ओढली. ‘आई, प्लीज. शांत.’ मी शांतच होते. मी त्यांना म्हटलं, माझ्या मागच्या रांगेत चौघांच्या एका गटातल्या मुलाची आई बसली होती, मुलानं व्हायोलिनचा गज उचलायच्या आधी दर वेळी ती एवढा मोठा श्वास घेत होती की माझ्या केसांना वारा लागला. तिच्या नाकपुड्यांबद्दल तुम्ही काही लिहून घेतलंत का? दुसरे एक शिक्षक पहिल्या रांगेत बसून मान डोलवत होते, डोलवत म्हणजे मापत होते. ते लिहिलंत? बाई कसनुशा हसल्या. म्हणाल्या, मान डोलणं ही एक गोष्ट आहे, पण परीक्षकांना स्टेजच्या बाजूनं तुमचा हात दिसत होता, आणि तो, सॉरी, अगदी संचालकाच्या हातासारखा दिसत होता. मला वाटलं, हिला सांगावं की बाई गं, संचालकाचा हात पहिल्या मात्रेला खाली येतो. माझा वर गेला होता. आमची सम पोकळ असते. पण तिला त्या उकिडव्या अवस्थेत रूपक कुठून शिकवू? निकालात जाहीर झालं की वादन उत्कृष्ट होतं, परंतु बाहेरून मदत झाल्याच्या शंकेमुळं ते क्रमवारीस पात्र धरलेलं नाही. पहिल्या येणाऱ्या गटाला पुढच्या फेरीसाठी वेलिंग्टनला जायचं होतं. चेलोवालीची आई येऊन मला मिठी मारून गेली. म्हणाली, आमच्या चर्चमध्ये असं केलं असतंस तर तुला पुढं उभं केलं असतं. तिची मुलगी म्हणाली, ‘ऑल गुड, नाना.’ नात गाडीत खिडकीला डोकं लावून बसली. मॅनुकाउच्या फाट्याशी मी म्हटलं, ‘अगं, माझं ऐक तरी.’ ती म्हणाली, ‘आजी, स्टॉप.’

सोमवारी त्यांचे संगीताचे मास्तर घरी आले. उंच, पन्नाशीचे, भर थंडीत हाफ पँट घालणारे, दारात बूट काढणारे. मी चहा आणि चिवडा दिला. त्यांनी चिवड्यातली मिरची खाल्ली आणि कुरकुर न करता गिळली, तेव्हाच मला ते आवडले. म्हणाले, शाळा फेरविचार मागू शकते. मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाच. त्यासाठी फक्त एक गोष्ट हवी, तिसऱ्या रांगेतल्या व्यक्तीचं दोन ओळींचं लेखी निवेदन, सहीसह, की मी वादकांना कसलीही मदत केली नाही. ‘इफ दॅट्स ट्रू, ऑफ कोर्स,’ असंही म्हणाले, आणि चहाच्या कपात बघत राहिले. ते गेल्यावर जावई म्हणाले, ‘आई, सही करून टाका. तुम्ही मांडीवर ठेका धरलात, बस. कोण सिद्ध करणार?’ लेक म्हणाली, ‘तिला वेलिंग्टनला जायचंय गं आई. ती बोलत नाही, पण रात्री रडते.’ आणि नात जिन्याच्या पायरीवर बसली होती. मी तिला विचारलं, ‘तू सांग, काय लिहू?’ तिनं गुडघे पोटाशी घेतले. मग म्हणाली, ‘खोटं नको.’ दोन शब्द, मराठीत. माझे डोळे भरून यायला हवे होते, पण मला राग आला. मराठी बोलायला हिला हाच मुहूर्त सापडला.

आणि म्हणूनच तुम्ही, सिस्टर. कारण मला ती बक्षिसाची ढाल आठवते. आंतरशालेय समूहगान, नगरपालिकेचा हॉल, मी अकरावीत, गटप्रमुख. आपल्यात ती उंच मुलगी होती, खर्जाचा आवाज असलेली, जिच्या ओळीशिवाय ते गाणं उभंच राहत नव्हतं. गुरुवारी तिच्या वडिलांनी तिला शाळेतून काढलं, लग्न ठरलं होतं. दाखल्यावर सही तुम्हीच केली होती. शनिवारी स्पर्धा, आणि नियम तेव्हाही हाच, पटावरच्याच मुली. ती शनिवारी गणवेश घालून फाटकाशी उभी होती. तुम्ही तिच्याकडं पाहिलंत आणि म्हणालात, ‘टांग्यात बस.’ आम्ही गायलो. अख्खा वेळ तुम्ही बाजूच्या पडद्याशी उभ्या, हात झग्याच्या रुंद बाह्यांमध्ये दडवलेले. पहिल्या आलो. पितळी ढाल माझ्या हातात दिली, मी ती छातीशी धरली, आणि टाळ्या थांबायच्या आत तुम्ही परीक्षकांच्या टेबलापाशी जाऊन काहीतरी बोललात आणि परत येऊन माझ्या हातातून ती काढून घेतलीत. मी सोडत नव्हते. तुम्ही माझं एकेक बोट सोडवलंत. परतताना टांग्यात मीच फुटले. ‘ती पटावर नाही हे ठाऊक होतं तर तिला आणलंत कशाला?’

‘गाणं बसलेलं होतं तिचं. वाया कसं घालवू?’

‘आणि ढाल?’

‘ढाल काय, पितळ आहे. दर शनिवारी घासत बसला असतात.’

ती उंच मुलगी तोंडावर रुमाल धरून हसायला लागली, आणि मग रडायला लागली, आणि मग पुन्हा हसायला. मला वाटलं, ही बाई संत नाही, चेटकीण आहे. आयुष्यात मी तुम्हाला त्याबद्दल माफ केलं नाही. शाळा सोडताना तुम्ही मला तो स्वर लावायचा लोखंडी चिमटा दिलात, मांडीवर आपटून कानाशी धरायचा. म्हणालात, ‘आता मांडीवर काहीतरी कामाचं आपट.’ तो मी घेतला आणि आभारही मानले नाहीत. आता तो नातीच्या पेन्सिलींच्या डब्यात असतो, ती कधी कधी आपटते. तुम्ही गेल्याचं मला दोनेक वर्षांनी कळलं, एका बारशात, कुणाच्या तरी तोंडून, पेढा खाताना. पेढा तसाच हातात राहिला, एवढंच आठवतं.

तर हे माझं म्हणणं आहे. मला मान्य नाही. मदत म्हणजे काय, हे त्या नियमात कुठं लिहिलं आहे? बाळ पायरीवरून घसरलं तर बघणाऱ्या माणसाचा हात पुढं जातो, ती मदत आहे की हात आहे? त्या नाकपुड्या पात्र आणि माझा तळवा अपात्र, कारण नाकपुड्या त्यांना ओळखीच्या वाटल्या आणि तळवा नाही? तबला बाद केला तेव्हा मी नियमाच्या बाजूनं उभी राहिले, घरच्यांचे टोमणे खाल्ले. त्याच नियमानं चार दिवस... नाही, मोजत नाही, मोजून काय होणार. त्याच नियमानं माझ्या नातीचं तोंड माझ्याकडून फिरवलं. माणूस प्रामाणिक राहिला तर नियम निदान ओळख तरी दाखवतो, असं मला वाटायचं. आणि त्या कागदावर मी काय लिहू? मदत केली नाही असं लिहिलं तर पोरी वेलिंग्टनला जातील. केली असं लिहिलं तर फेरविचाराचा प्रश्नच मिटला आणि तिघींचं वादन बंद फाइलीत गुंडाळलं गेलं. ‘खोटं नको’ म्हणणारी ती आणि ‘पोरी रडतात’ म्हणणारी तिची आई, दोघींच्या मध्ये मी बसले आहे, तळव्यांवर. आज बुधवार, घरी कुणी नाही, धुणं वाळत घातलं आहे आणि पुन्हा भिजलं आहे. मास्तरांचा कागद समोर आहे. त्यावर मी आतापर्यंत फक्त तारीख लिहिली आहे, तुम्ही शिकवलेल्या तिरक्या अक्षरात.

मला तुमच्याकडून लेखी उत्तर हवं आहे. गोलमोल नको, बायबलातलं वचन नको. एक, त्या दिवशी पडद्याशी उभ्या असताना तुमचे हात त्या बाह्यांच्या आत काय करत होते? आम्ही बघत होतो, सिस्टर. बाहीचं कापड हलत होतं. दोन, गाणं वाजून झालं, लोक उभे राहिले, तर ते वाया गेलं नाही, असं समजून ढाल परत करायची असते का, आणि ती ढाल माझी नसून एका सोळा वर्षांच्या मुलीची असली तरीही? तीन, तिनं विचारलं तर काय सांगू? मुदत शुक्रवार, संध्याकाळी पाच. मुदतीनंतर आलेलं उत्तर विचारात घेतलं जात नाही, हे मी शेकडो लोकांना टाइप करून कळवलं आहे आणि आता तुम्हालाही कळवते.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं ते मला माहीत नाही, त्यामुळं ते चिवड्याच्या डब्याखाली राहील. आणि उत्तर देताना एक दुरुस्ती करून घ्या, वर मी ते चुकीचं लिहिलं आहे, बाईंना सांगितलं, मास्तरांना सांगितलं, लेकीलाही सांगितलं. तिचे डोळे मिटलेले नव्हते. चेलो सुटला तेव्हा तिनं डोळे उघडले आणि त्या भरल्या हॉलमध्ये सरळ तिसऱ्या रांगेत पाहिलं, माझ्याकडं, लहानपणी रस्ता ओलांडायच्या आधी पाहायची तसं. म्हणून हात वर गेला. मला इतकं बरं वाटलं, सिस्टर, की त्या आवर्तनात त्या जिंकल्या की हरल्या, याची मला शुद्ध नव्हती. शुक्रवारी, पाचच्या आत. लेखी.